झाकणापायी

घासाघीस सुरू झाली की मला आजूबाजूचं काही दिसत नाही, हे मी आधीच कबूल करते. त्या रविवारी तर पहाटेपासून अंगात वारं भरलं होतं. पाणी भरलं, कपडे वाळत टाकले, दळण गिरणीत देऊन आले. सासूबाईंना घेऊन आमचे हे सकाळीच कोपरखैरण्याला नातेवाइकांकडे गेले होते, ते दोघं संध्याकाळी सहाला येणार होते. तेवढ्या वेळात मला मैत्रिणीबरोबर दिवाळे गावात जाऊन मासळी आणायची होती आणि वाशीला आमच्या तिसऱ्या मैत्रिणीच्या, राजनंदिनीच्या नव्या घरी जेवायचं होतं. नेरूळच्या आमच्या सिडकोच्या दोन खोल्यांत सासू घरात नाही असा दिवस म्हणजे सणच. तो मी वाया घालवणार नव्हते.

खाली माझी मैत्रीण सुचिता रिक्षा थांबवून हाका मारत होती आणि वर दारात गोजरा बोहारीण ठाण मांडून बसली होती. यांच्या जुन्या पँटी, शर्ट, माझ्या दोन साड्या एवढं घेऊन तिने मला पिठाचा स्टीलचा डबा दिला, पण झाकण स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवलं.

"कपडे डब्यापुरते झाले, ताई. झाकणाचं काय?"

"बिनझाकणाचा डबा काय डोक्यावर घालू?" मी म्हटलं.

ती हलेना. सुचिताच्या हाका वाढल्या. माळ्यावर मी जुन्या कपड्यांची दोन गाठोडी बांधून ठेवली होती. एक उघडून झालं होतं, म्हणून हात घालून दुसरं ओढलं आणि तिच्यापुढे आदळलं. गोजराने ते नुसतं चाचपलं, झाकण दिलं आणि पाटी उचलून चटकन निघाली. एवढ्या लवकर ती कधी उठत नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी जिंकल्याच्या तोऱ्यात जिना उतरले.

दिवाळ्याच्या धक्क्यावर सुचिताची आई पुतळामावशी टोपली घेऊन बसते. तिने मला चार पापलेटं निवडून दिली, अशी ताजी की बघत राहावं. मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "पाचवा ना गो? माजं एक जुनं लुगरं देते तुला. बालाला पयला जुनाच कपरा लागतं. नवीन टोचतं."

जुनं म्हणताच मला माळा आठवला.

माळ्यावर दोन नाही, तीन गाठोडी होती. तिसरं आत्याबाईंचं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. मामंजी मागच्या वर्षी गेले. त्यांची तीन धोतरं आत्याबाईंनी धुऊन, घडी करून साताऱ्याहून आणली होती. आमच्यात बाळाला पहिल्यांदा गुंडाळायचं ते आजोबाच्या धोतरात, म्हणजे आजोबाचं आयुष्य लागतं म्हणतात. संध्याकाळी येऊन त्या दुपटी शिवायला बसणार होत्या.

आणि आदल्या रात्री त्याच धोतरांवरून आमचं वाजलं होतं. "दुकानात मऊ मऊ दुपटी मिळतात, ही जुनेरं कशाला?" असं मी तोंड वर करून बोलले होते. आता ती धोतरं बोहारणीला गेली, तीही चुकून, हे कोण खरं मानणार? मी मुद्दामच दिली असं त्या म्हणणार, गावभर सांगणार, आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नसतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

"टेन्शन नको घेऊ," सुचिता म्हणाली. "या बाया दुपारी शिरवण्याच्या नाक्यावर झाडाखाली बसून माल वेगळा करतात. चल लवकर."

वाटेत पीसीओच्या पिवळ्या डब्यावरून राजनंदिनीला फोन केला. तिने आमच्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या. कारण ऐकून तिने आधी मला शिव्या दिल्या आणि मग "जा, पळ" म्हणाली.

झाडाखाली कपड्यांचे ढीग पडले होते. पँटी एकीकडे, साड्या एकीकडे. सुती जुनेरांचे गठ्ठे मात्र टेम्पोत चढत होते. तळोज्याच्या कारखान्यांत यंत्रं पुसायला ते कापड जातं, असं सुचिताने मला रिक्षातच सांगितलं होतं. मामंजींच्या धोतराने कुणीतरी ऑइल पुसतंय हे माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी ओरडलेच. "गोजरा! माझं गाठोडं!"

"तुजं कसलं? झाकण दिलं ना मी?"

"तुझं झाकण घे, डबा घे, पण ती तीन धोतरं दे."

"कुटाय झाकण? दाखव."

झाकण घरी होतं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे घासाघीस करायला वेळ नव्हता. मी हातातली पिशवी तिच्यापुढे धरली. तिने आत बघितलं, एका पापलेटाचा कल्ला उघडून पाहिला, आणि टेम्पोत चढून गठ्ठा सोडला. तिन्ही धोतरं निघाली, घडीसुद्धा मोडली नव्हती. मी ती छातीशी धरली आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसले. सुचिता म्हणाली, "चार पापलेटं! माझ्या आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही." मला एवढं हसू आलं की गोजराही हसायला लागली.

घरी येऊन धोतरं माळ्यावर ठेवली, दळण आणलं, वाळलेले कपडे काढले, केर काढला. सहाच्या ठोक्याला दोघं हजर. यांनी हातपाय धुण्याआधी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "मासळी कुठाय?"

महाग होती, म्हणून आणली नाही, असं उत्तर मी तयार ठेवलं होतं. पण आत्याबाई पदराने घाम पुसत माझ्याकडे बघत होत्या, आणि मला ते खोटं बोलवेना. झाकणापासून पापलेटापर्यंत मी सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हटलं, "काल मी रागात बोलले, ते खरं. पण हे मुद्दाम नाही केलं, आत्याबाई. पोटातल्या जिवाची शपथ."

त्यांनी यांच्याकडून गाठोडं खाली काढून घेतलं. धोतरावरून हात फिरवला.

"शपथा कशाला घालतीस?" त्या म्हणाल्या. "मुद्दाम द्येणारी बाई परत आणाया चार पापलेटं द्येती व्हय? तू तर बांगड्याचं डोस्कंबी कुणाला द्यायची न्हाईस."

हे खो खो हसले. मीही हसले, आणि हसता हसता रडू फुटलं.

आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. याआधी दोनदा मला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्याबद्दल त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"आन् धोतरं गेली असती तरी म्या तुला बोलले नसते, सुनयना. मागल्या दोन बारीला लई बोलले. तुजा काय गुन्हा व्हता? मला त्यापायी रातची झोप येत न्हाई."

चार वर्षं मी त्यांना मनातल्या मनात उत्तरं देत आले होते. त्यातलं एकही मला त्या वेळी आठवलं नाही. नुसतं हलकं हलकं वाटलं.

"बस हितं," त्यांनी मला हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं आणि लेकाला सांगितलं, "उदयसिंह, पिठलं तू टाक. आन् आदी मला सुईत दोरा ववून दे."