एरंडीची पेंड

गेनबाच्या म्हशीनं सकाळी आंबोणाला तोंड लावलं नाही, तेव्हा मथुराबाईला वाटलं, ऊन बाधलं असेल. दुपारी म्हैस रक्त हगायला लागली आणि गेनबाला गोठ्यामागचं पोतं आठवलं. उसाला खत म्हणून त्यानं एरंडीची पेंड आणली होती. आदल्या दिवशी म्हैस दावं तोडून मोकळी फिरत होती आणि पोत्याचं तोंड उघडंच होतं.

शालू त्यांची लेक. स्वारगेटजवळच्या कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची. आईचा फोन आला तशी तास सोडून गावी, मांजरीला आली. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं होतं. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"विष शोषायला कोळसा पाजलाय. पण मॅडम, ह्याला उतारा नाही. तुम्हाला माहीत असेलच."

तिला माहीत होतं. दरवर्षी फळ्यावर पेशीची आकृती काढताना ती हे विष उदाहरण म्हणून सांगायची आणि पोरं वहीत उतरवून घ्यायची.

"डाक्टर काय म्हनला?" गेनबानं विचारलं.

"प्रयत्न करतायत, आबा."

"त्ये दिसतंय मला. आत काय झालंय त्ये सांग. त्येच शिकवतीस न्हवं तू?"

शालू त्याच्याशेजारी शेणातच टेकली. "अंगात बारीक बारीक पेशी असतात. एकेका पेशीत लाखो रायबोझोम. काही पेशीच्या रसात सुटे, काही आतल्या पडद्यांना चिकटलेले. मांस, रक्त, आतड्याचं अस्तर, ह्या सगळ्याला लागणारी प्रथिनं तेच बनवतात. एरंडीचं विष नेमकं त्यांनाच निकामी करतं."

"अन् दूध?"

"दुधातली प्रथिनंही तेच करतात. ते पडद्याला चिकटलेले असतात ना, ते."

गेनबानं आटलेल्या कासेवरून हात फिरवला. बाहेर रेडकू हंबरत होतं.

"मग नवं घालाय सांग की डाक्टरला. रक्त भरत्यात तसं."

"नाही घालता येत. पेशीच नवे करते. पण नवे करायलाही आधीचे चालू असावे लागतात, आबा."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "एवढं समजतं तुला," तो म्हणाला आणि म्हशीकडे तोंड फिरवून बसला. शालूला वाटलं, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरीला कशाला बोलता?" मथुराबाई दारातून म्हणाली. "पोतं काय तिनं उघडं टाकलं व्हतं?" बोलून गेल्यावर तिनं पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी दिवस वर यायच्या आत म्हशीनं मान टाकली. मागचं रान घरांच्या स्कीमसाठी विकलेलं, त्यामुळं पुरायला उसाच्या कडेला खड्डा घ्यावा लागला. गेनबा खड्ड्यापाशी गेलाच नाही. रिकाम्या गव्हाणीकडे पाठ करून बसून राहिला.

शालूनं पिशवीचं दूध कोमट करून बाटलीत भरलं. रेडकानं एकदा चोखलं, मान फिरवली आणि गोठ्याकडे तोंड करून पुन्हा हंबरायला लागलं. तिनं त्याचा जबडा धरला, पुन्हा बाटली लावली. दूध त्याच्या ओठांवरून तिच्या मनगटावर ओघळत राहिलं.