पाहुणी आमची, ओटा छबूचा

पाहुणी उतरली आमच्या घरी आणि दिवसभर बसते माझ्या धाकट्या जावेच्या, छबूच्या ओट्यावर. ह्याला काय रीत म्हणायची?

माझी नात स्नेहल तिला पुण्याहून घेऊन आली. लोरेन तिचं नाव. अमेरिकेत कादंबऱ्या लिहिते आणि पुढची आपल्या तिसगावातल्या बायांवर लिहिणार म्हणते. आल्या दिवशी मी जरीचं लुगडं नेसले, पुढच्या खोलीत खुर्ची मांडली. तिला तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. आमच्यात पाहुण्याला काम लावत नाहीत. सासऱ्यांनी गावाला विहीर खुली केली ते सांगितलं, माझा थोरला मुलगा कारखान्याच्या मीटिंगला पुढच्या खुर्चीत बसतो ते सांगितलं. बाई नुसती मान डोलवत राहिली. पेन्सिल काही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर छबूनं तिच्यापुढं तुरीच्या शेंगांचं टोपलं ठेवलेलं. बाई मांडी घालून सोलतेय, छबूची टकळी चालू, आणि मधे स्नेहल, हिचं तिला सांगायला. वाटणीत आमच्या दोघींत एक भिंत आली, पण कमरेएवढी. सगळं दिसतं, आणि हसणं तर सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

"आपल्या पाहुणीला ती कामाला लावती, आन् तू बघत बसती?" मी स्नेहलला धरलं.

"तिलाच आवडतं, आज्जी. म्हणते, हात गुंतले की माणूस खरं बोलतं."

"म्हंजे मी खोटं बोलले व्हय?"

स्नेहल परत छबूच्या ओट्यावर गेली.

लिहिलेलं मोठ्यानं वाचायची त्या बाईला सवय. परवा दिवेलागणीला माझ्या पडवीत बसून वाचलं, स्नेहलनं मराठीत सांगितलं. दोन जावा. धाकटी हसरी, गाणी म्हणणारी, पोरांना पदराआडून गूळ देणारी. आणि थोरली? 'थोरली दारात उभी राहून सगळ्यांच्या ताटांत डोकावते.' एवढंच. पुढं पुन्हा धाकटी.

माझ्या अंगाची आग झाली. म्हटलं, "इचार तिला, सोताच्या आईवर लिहिलं का कधी?"

लिहिलं होतं. पहिलंच पुस्तक. आई हायवेवरच्या हॉटेलात भांडी घासायची, तिथल्या साखरेच्या पुड्या पर्समध्ये घालून आणायची. हिनं ते सगळं छापलं. बक्षीस मिळालं. तेव्हापासून आई फोन उचलत नाही.

मी उठले. आमच्या रानातल्या सूपभर शेंगा आणल्या आणि सूप तिच्या मांडीवर ठेवलं. भिंतीवरून छबूचं डोकं वर आलंच.

"आक्का, पाहुनीला काम?"

"तू तुझी भाकर बघ, करपती."

मग लोरेनकडं वळले. "स्नेहल, समदं सांग तिला, एक शब्द गाळू नको. तुझ्या आईनं बोलनं टाकलं ते बराबर केलं. माझंबी छापशील, मला ठावं हाय. छाप. पर छबूच्या तोंडून माझं लिहायचं न्हाई. डोकावत हुते मी ताटात, व्हय. सासू हिला तूप जास्त वाढायची, ते कुठं हाय तुझ्या कादंबरीत? अर्धंच लिवलंस, बाई. आता सोल, आन् ऐक."