दार बंद, दार बंद, दार बंद

मी डिस्क. रुग्णालयाच्या धुलाईघरात, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात एक संगणक आहे, त्याच्या पोटात माझा मुक्काम. कपाटाला कान लावलात तर माझी बारीक गुरगुर ऐकू येईल. ती म्हातारपणाची आहे, रागाची नव्हे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. आठवतं ते इथलं काम. पाणी किती तापलं, साबण किती गेला, याची खबर यंत्रं मला देतात. मी ती क्षणभर ठेवून घेते आणि मुख्य कार्यालयातल्या मोठ्या संगणकाकडे धाडते. साऱ्या रुग्णालयाच्या नोंदी तिथे गोळा होतात. थोडक्यात, मी टपालपेटी. आलं की गेलं.

धुलाईयंत्रं मितभाषी. कपडे वाळवणारं यंत्र मात्र महाबडबडं. दार बंद असलं तरी सारखं सांगणार, 'दार बंद. दार बंद. दार बंद.' सुरुवातीला माझं डोकं उठायचं. मग सवय झाली. प्रत्येक घरात असं एक माणूस असतंच.

इथला कारभार मावशींच्या हाती. डॉक्टरही त्यांना मावशीच म्हणतात, आणि जरा दबकून म्हणतात. चादरीची घडी वाकडी पडली तर मावशी ती मुकाट्याने उलगडतात आणि घालणारीच्या हातात परत देतात. त्यांच्या बोलण्यापेक्षा न बोलण्याचीच सगळ्यांना धास्ती.

एकदा मुख्य कार्यालयाने तो मोठा संगणक दुसऱ्या इमारतीत हलवायला काढला. आम्हाला कळवलं कुणीच नाही. मी आपली नोंदी धाडतेय आणि तिकडे घ्यायला माणूस नाही, मशीन नाही. मग नेमून दिल्याप्रमाणे मी त्या रांगेत उभ्या करू लागले. आज ना उद्या कुणी ओ देईल या आशेवर रांग वाढत गेली, आणि एका सकाळी माझ्यात तीळ ठेवायलाही जागा उरली नाही.

इथला नियम असा, की नोंद नाही तर धुणं नाही. सगळी यंत्रं जागच्या जागी थांबली. दारांना कुलपं, आत गढूळ पाण्यात बुडालेल्या चादरी, आणि दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रिया त्यांची वाट बघत.

नेहमीचा तंत्रज्ञ रजेवर, फोन बंद. नाइलाजाने मावशींनी जावयाला बोलावलं. तो एका शाळेतले संगणक सांभाळायचा. लग्नाला वर्ष होत आलं, तरी सासूशी त्याचं बोलणं 'हो' आणि 'नको' याच्या पुढे सरकलं नव्हतं.

त्याने माझ्यात डोकावून बघितलं आणि म्हणाला, ही रांग पुसली की झालं. मावशींनी त्याला थांबवलं. आधीच्या दिवसांत धुतलेल्या चादरी किती गरम पाण्यातून निघाल्या, याचा पुरावा त्या रांगेतच होता. तो गेला तर संसर्ग तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई एकही चादर आत घेणार नव्हत्या.

"मग दाबून बसवाव्या लागतील," जावई चाचरत म्हणाला. "तेच ते पुन्हा पुन्हा लिहिलंय. ते थोडक्यात लिहायचं. नोंदींची घडी घालायची म्हणा ना."

घडी म्हटल्यावर मावशींना लगेच पटलं.

पण घडी घालायलाही हातभर मोकळी जागा लागते. दाबलेली फाइल तयार होईपर्यंत मूळ फाइल काढता येत नाही, आणि तयार झालेली ठेवायची कुठे? काढण्याजोगं काही मिळतंय का, हे जावई शोधू लागला. एक भलीमोठी फाइल सापडली. उघडली आणि तो कानापर्यंत लाल झाला. त्याच्याच लग्नाचं चित्रीकरण. दुपारच्या सुट्टीत बायकांना दाखवायला मावशींनी ते माझ्यावर उतरवून घेतलं होतं. निम्म्या धुलाईघराला त्यातला क्रम तोंडपाठ होता.

दुसरीकडे उतरवून ठेवायला त्या घटकेला काही हाताशी नव्हतं. शेवटी त्याने बायकोला फोन लावला, घरी दुसरी प्रत आहे का म्हणून.

"प्रत नाही," ती म्हणाली. "काढून टाका. लग्न आहे ना जागेवर, तेवढं पुरे. आणि त्यात सगळा वेळ काका जेवतानाच दिसतात."

मावशींनी पाठ फिरवली. "पुसा, जावईबापू. मी बघत नाही."

लग्न पुसलं गेलं आणि मला श्वास घेता आला. मग सर्वांत जुनी फाइल दाबायची, मूळ काढायची, मोकळ्या झालेल्या जागेत पुढची घ्यायची, असं काम चाललं. वाळवणाऱ्या यंत्राचं हजारो वेळचं 'दार बंद' एवढ्याशा जागेत मावलं: दार बंद, आणि हेच पुढे बराच वेळ. दुपारपर्यंत यंत्रं घरघरू लागली. जावयाला कंठ फुटला तो तेव्हा. रांगेत येणारी नोंद यापुढे आपोआप दाबली जाईल, हे त्याने सासूला इतकं रंगवून सांगितलं, की अखेर मावशींनाच म्हणावं लागलं, "घरी वाट बघत असेल ती."

त्याच रात्री मोठा संगणक जागा झाल्यावर माझी रांग सुखरूप पोचली. डॉक्टरीणबाईंनी पाणी किती तापलं होतं तेवढं बघितलं, "ठीक आहे" म्हणाल्या, आणि चादरी वर गेल्या. बाकीच्या नोंदी माझ्या माहितीत आजवर कुणी उघडलेल्या नाहीत.

त्याचं मला वाईट वाटत नाही. आता माझं पोट हलकं असतं आणि दिवस बरे जातात. विनंती एकच. त्या चादरींवर कुणी तरी निजलं असेल, बरं होऊन घरी गेलं असेल. तसं झालं असेल तर मला कळवा. ती नोंद माझ्याकडे येत नाही.