कुत्रा भुंकला कोणावर?

आमच्या छापखान्याच्या आवारात त्या दिवशी मशिनं बंद आणि माणसं टाचा उंचावून उभी. शाईच्या रिकाम्या पिंपात एक बाबा बसले होते, बाहेर त्यांचा तांबडा कुत्रा. बाबांचं म्हणणं असं, की ते पुरातन श्वानपंथाचे. ज्याच्या मनात सिनिकपणाचं विष, त्याच्यावर कुत्रा भुंकणारच. मालक इतके भारावले, की ज्याच्यावर भुंकेल त्याने उद्यापासून येऊ नये, असं त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

कोणाला शंका आहे का, असं बाबांनी प्रेमाने विचारलं. तिघांनी हात वर केले: मशीनमन, बाइंडिंगवाला मी, आणि प्रुफं तपासणारी आक्का.

मग बाबा एकेकाचं मनगट धरून आशीर्वाद देऊ लागले. मालकांना हुंगून कुत्र्याने जांभई दिली. ती म्हणे निर्मळ मनाची पावती. मशीनमनवर मात्र तो भुंकला. माझ्यावरही. नोकरी जाणार, आणि वर माझा माझ्यावरच संशय. सकाळीच मी सासऱ्यांबद्दल वाईटसाईट बोललो होतो.

आक्काची पाळी आली. चाळीस वर्षं निसटते अनुस्वार पकडणारी बाई ती. शंकेखोरांनाच बाबा डाव्या हाताने धरतात, आणि आधी तो हात झोळीत जातो, हे तिने टिपलं होतं. बाबांनी सोडताच तिने मनगट हुंगलं आणि भारावल्याचं सोंग करून ते बाबांच्या दाढीला खसाखसा घासलं.

कुत्र्याने भुंकत पिंपात उडी घेतली. पिंप आडवं झालं, आणि बाबा गडगडत कागदाच्या गठ्ठ्यांवर आदळले. आक्काने झोळी उलटी केली. आत सुक्या मासळीची भुकटी. त्या वासावर भुंकलं की खाऊ मिळतो, एवढंच त्या मुक्या जिवाला शिकवलेलं.

मालकांनी हुकूम मागे घेतला, पण सिनिक म्हणजे नक्की काय, हे त्यांनी खालच्या आवाजात विचारलंच.

“त्या शब्दाच्या मुळाशी कुत्राच आहे, एवढं खरं,” आक्का म्हणाली. “जुन्या ग्रीसमध्ये काही माणसं हव्यास सोडून रस्त्यावर राहायची, एक जण तर म्हणे पिंपासारख्या रांजणात, भल्याभल्यांना तोंडावर खरं सांगायची. लोक त्यांना कुत्र्यासारखे म्हणत. सगळे लबाडच असतात असं मानणारा, हा अर्थ फार पुढे चिकटला. मी तसं मानत नाही. मी फक्त तपासते.”

माणसांवर विश्वास जरूर ठेवा. पण कोणी चमत्कार दाखवू लागला, तर तो कसा होतो हे विचारा, आणि विचारताना लाजू नका.