बिनपंखांचा नाकतोडा

प्राध्यापक चिंचोळकरांनी खोका खिडकीच्या उजेडात ओढला, भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक टाचणी निरखत गेले. समोर बसलेले हिंमतराव मास्तर त्यांच्या तोंडाकडे असे पाहत होते, जणू मॅट्रिकचा निकाल लागतोय आणि परीक्षेला ते स्वतःच बसलेत. आतल्या दाराआड अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या. चुलीवर शिरा तयार होता, पण साहेबांच्या तोंडून शब्द निघाल्याशिवाय वाढायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

खोका मिठाईचा होता. तळाला ज्वारीच्या धांड्याचा मऊ गाभा चिकटवलेला, त्यावर टाचण्यांनी ओळीत रोवलेले नाकतोडे आणि कोपऱ्यात डांबरगोळी. सगळे एकाच जातीचे, हिरवट करडे. पंखांच्या जागी नुसते चिमुकले तुकडे.

हिंमतराव बुलढाण्याच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. गावानं त्यांना नाकतोडे मास्तर करून टाकलं होतं, आणि गावाचं काही चुकत नव्हतं. पाचवीच्या पहिल्याच तासाला ते विचारायचे, "नाकतोड्याला कान कुठं असतात?" पोरं डोक्याकडे बोट दाखवायची. मग मास्तर खुशीत येऊन सांगायचे, की आखूड मिशांचा असेल तर पोटाच्या बाजूला आणि लांब मिशांचा असेल तर पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली. एक मांडी पंखावर घासून गातो, दुसरा पंखावर पंख घासतो. दिसायला सख्खे भाऊ, पण घराणी वेगळी. हेडमास्तर म्हणायचे, "खेडेकर, लोक सोयरीक जुळवताना गोत्र पाहतात, तुम्ही मिशा पाहाल." मास्तरांना त्याचा राग येत नसे. खरं तर त्यांना कशाचाच राग येत नसे, म्हणून तर लोक एवढी चेष्टा करायचे.

पण खोक्यातल्या या नाकतोड्यांची गोष्ट चेष्टेची नव्हती.

मास्तरांना एक मुलगी होती, गोजर. चार वर्षांची असताना घटसर्पानं गेली. पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी, करीला, ती गेली. लहान लेकरांना जाळत नाहीत. घाटाच्या तोंडाशी असलेल्या टेकडीच्या उतारावर तिला पुरलं आणि वर खुणेचा दगड ठेवला. तिचा फोटो काढायचा राहून गेला होता. पुढं मूल झालं नाही. हळूहळू शेजारपाजारचेही तिचं नाव विसरले आणि 'मास्तरची ती पोरगी' म्हणायला लागले. अन्नपूर्णाबाईंना हे फार लागायचं.

दरवर्षी करीच्या दिवशी नवराबायको टेकडीवर जायचे. त्या दिवसांत गवत कमरेएवढं असायचं आणि पावलागणिक त्यातून हे बिनपंखांचे नाकतोडे टुणटुण उड्या मारायचे. बाई दगडापाशी बसून रडायच्या. मास्तरांना रडता येत नसे, म्हणून ते गवतात शिरून नाकतोडे धरायचे. घरी आणून पुस्तकांत पाहिलं, तर असा कुठंच दिसेना. काही जातींना जन्मभर पंख आखूडच राहतात हे त्यांनी वाचलं होतं. ही तसलीच एखादी, अजून कोणाला न सापडलेली जात असावी, असं त्यांच्या मनानं घेतलं.

एकदा बोलता बोलता त्यांनी बायकोला सांगितलं, "नवी जात सापडली तं शोधणाऱ्यानं म्हटलेलं नाव देतात. जगातल्या साऱ्या पुस्तकांत छापून येते. मंग ते कोणाले खोडता येत नाही."

बाईंच्या हातातलं काम थांबलं. "आपल्या गोजरचं नाव ठेवता येईन?"

"काऊन नाही येणार?"

तेव्हापासून तो खोका बाईंचा झाला. मुंग्या लागू नयेत म्हणून त्या खोक्याच्या तिवईच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, डांबरगोळी विरली की नवी टाकायच्या. आणि आज, उंद्री गावाकडे टोळ उतरल्याची आवई उठली म्हणून नागपूरहून आलेले कीटकशास्त्राचे प्राध्यापक, ती आवई खोटी निघाल्यावर, मास्तरांच्या विनंतीला मान देऊन घरी आले होते.

चिंचोळकरांनी भिंग खाली ठेवलं. माणूस भला होता. काय बोलावं याचा त्यांनी बराच विचार केलेला दिसत होता.

"मास्तर, तुमची मांडणी फार सुरेख आहे. एकाचीही मिशी मोडलेली नाही. पण ही नवी जात नाही. पिल्लं आहेत ही."

"पिल्लं कशी, साहेब? अंगानं केवढी आहेत!"

"शेवटची कात टाकायची राहिली आहे. हे बघा." त्यांनी भिंग मास्तरांच्या हातात दिलं. "आखूड पंखांचा मोठा नाकतोडा असता, तर पुढच्या पंखानं मागचा झाकला असता. इथं उलटं आहे. मागच्या पंखाची कळी पुढच्यावर चढलीय. हे फक्त पिल्लात असतं. आणखी थोड्या दिवसांनी यांना चांगले लांब पंख आले असते. जात अगदी साधी आहे, कुठंही सापडते. तिचं नाव कुण्या साहेबानं कधीच ठेवून टाकलंय."

मास्तरांनी पाहिलं. दिसलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, कात टाकण्याचा धडा ते दरवर्षी शिकवत होते. पण आपल्याला हवं तेच माणूस आधी पाहतो, आणि मास्तरांना हे फार हवं होतं.

"सगळी एकाच वेळची दिसतात," चिंचोळकर म्हणाले. "तुम्ही दरवर्षी पोळ्याच्या सुमारासच गेलात का? दिवाळीनंतर एकदा जरी गेला असतात, तरी मोठे दिसले असते. का नाही गेलात?"

मास्तर भिंग पुसू लागले. उत्तर दाराआडून आलं.

"तिथं आमची पोरगी हाये, सायेब. दुसऱ्या कोन्या दिवशी जावाची हिंमत होत नाही."

अन्नपूर्णाबाई बाहेर आल्या होत्या. चिंचोळकर उठून उभे राहिले. मग मास्तरांनी खाली मान घालून सगळं सांगितलं, नाव द्यायच्या बेतासकट. ऐकून प्राध्यापकांचे डोळे भरले. ते म्हणाले, "मास्तर, मला पुढंमागं एखादी नवी जात सापडली, तर मी तुमच्या मुलीचं नाव..."

"नको साहेब," मास्तर म्हणाले. "ती तुमची असेल. तिला आमच्या गोजरनं कधी पाहिलेलंही नसेल."

बाईंनी शिरा वाढला. पाहुणा उपाशी जाऊ द्यायचा नसतो.

प्राध्यापक गेल्यावर त्या खोक्याजवळ येऊन बसल्या. किती तरी वेळ पाहत राहिल्या.

"म्हंजे हे सारे लेकरंच व्हते?"

"हाव."

"आन् आपण यायले मोठं होऊच देलं नाही."

मास्तर भिंतीला टेकून बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले. बाईंनी त्यांना रडू दिलं.

मग त्यांनी विचारलं, "मोठे झाल्यावर कसे दिसतात वो?"

"मले नाही माहीत. त्या टेकडीवरचे म्या कधी पाह्यलेच नाहीत."

"मंग पाहून येऊ."

दिवाळी झाल्यावर ते दोघं गेले. गवत वाळून पिवळं पडलं होतं, दगड दुरूनच दिसत होता. पाऊल टाकलं की दोन्हीकडून नाकतोडे भुर्रकन वर उठायचे, पंख पसरून दूर जाऊन बसायचे. मास्तरांनी एकही धरला नाही. हात पाठीमागे बांधून ते पाहत राहिले. बाई आज रडल्या नाहीत. तोंडाला पदर लावून उडणाऱ्यांकडे बघत होत्या.

"आपली आता केवढी झाली असती?" त्या म्हणाल्या.

"पाचवीत. माह्याच वर्गात बसली असती."

"तुमी हजेरी घेतली असती तिची."

"हाव."

"घ्या ना मंग."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या. मास्तरांनी कोटाची बटणं लावली, टोपी सारखी केली, घसा साफ केला आणि शेवटच्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात नाव घेतलं.

"गोजर हिंमतराव खेडेकर."

वर्गात 'हजर' ऐकायला थांबतात तेवढे ते थांबले. मग पुढचं नाव घ्यायचं असतं. पुढचं नाव नव्हतं.