द्वारकाबाईनं न घेतलेला घोट

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साठ-सत्तर माणसांचे ओठ मला लागतात. गारखेड्यातल्या एका छोट्या चर्चमधला प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायच्या द्राक्षरसाचा, प्याला मी. बाहेरून पितळेचा, आतून कल्हईचा. काठाला एक पोचा आहे; एका नाताळात मी हातातून निसटलो होतो, त्याची खूण.

औरंगपुऱ्यातल्या नवाबभाईंनी मला घडवलं, त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली. असा उंच देठाचा प्याला त्यांनी आधी कधी केला नव्हता. "ह्याचं काय करता?" त्यांनी विचारलं. एकाच प्याल्यातून सगळी मंडळी पिते, असं कळल्यावर त्यांनी हातातला पत्रा खाली ठेवला. मग म्हणाले, "मंग काठ नीट घासायला पाह्यजे. कुनाच्या ओठाला लागाया नको." त्या दिवशी त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही.

तेव्हापासून मी माणसं जवळून पाहिली. इतकी जवळून की डोळ्यांपेक्षा त्यांचे ओठच मला जास्त ओळखीचे. कुणी मोठा घोट घेतो आणि ओशाळतो. कुणी आधी रुमालानं काठ पुसतो. म्हातारे मिशा वर धरतात. नवरा-बायकोचं सकाळी भांडण झालेलं असलं, तर तेही मला कळतं. एक जण पितो आणि दुसऱ्याकडे न बघताच मला पुढे करतो.

मला सांभाळायचं काम कडूबांकडे होतं. ते मंडळीचे पंच, चर्चचा कारभार बघणारे. वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर काम करायचे. उपासना संपली की मला कापडात गुंडाळून घरी न्यायचे. घरी त्यांची बायको द्वारकाबाई चिंचेच्या कोळानं मला घासून फळीवर ठेवायची.

कडूबांची साक्ष, म्हणजे देवानं आपल्याला कसं वाचवलं ते सगळ्यांसमोर सांगणं, सगळ्यांना पाठ होती. दर वर्षी मे महिन्यात ते उभे राहून सांगत, "अकरा मे एकोणीसशे शहाऐंशी, रविवार. तंबूतल्या सभेत मी गुडघ्यावर आलो. त्या दिवशी माझं तारण झालं." ते खोटं नव्हतं. त्याआधी ते खूप पीत. त्या दिवसानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही.

पण चौऱ्याण्णव साली एक गोष्ट घडली. मी फळीवर होतो. संध्याकाळी कडूबा कामावरून आले ते चपला न काढताच खाली बसले. त्यांच्या शर्टाच्या बाहीवर रक्त होतं.

"बन्सीची दोन बोटं गेली," ते म्हणाले.

बन्सी त्यांच्याच मशीनवरचा जोडीदार, चर्चमध्येही त्यांच्याच बाकावर बसणारा. काम लवकर उरकावं म्हणून कडूबांनी मशीनचं गार्ड, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी, काढून ठेवलं होतं. बन्सीला ते माहीत नव्हतं.

"सुपरवायझरनं इचारलं, गार्ड कुनी काढलं. मी म्हणलो, बन्सीनंच."

द्वारकाबाईच्या हातात परात होती. ती तिनं हळूच खाली ठेवली. "उद्या जाऊन खरं सांगा."

"लेकरं लहान हायेत आपली."

"त्याची काय मोठी हायेत?"

कडूबा उठून बाही धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरं सांगितलं नाही, चौकशीतही नाही. हलगर्जीपणा केला म्हणून बन्सीला कामावरून काढलं. तो बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन लासूर स्टेशन या गावी सासुरवाडीजवळ राहायला गेला. त्यानंतर तो आमच्या चर्चमध्ये आला नाही, आणि कानावर आलं ते असं की दुसऱ्या कुठल्या चर्चमध्येही गेला नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी मी नेहमीसारखा रांगेतून फिरलो. द्वारकाबाईनं पदर पुढे ओढला, मला दोन्ही हातांनी धरलं, मान खाली घातली. शेजारणीला वाटलं, ती प्यायली. मला माहीत होतं, तिचे ओठ मला लागलेच नाहीत. तिनं मला तसंच पुढे दिलं. समोर उभ्या असलेल्या कडूबांनी नजर वळवली. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

असं किती वर्षं चाललं म्हणून सांगू? तीस. त्या तीस वर्षांत तिच्या मुलांची लग्नं झाली, कडूबा निवृत्त झाले, कंपनी बंद पडली, कोरोनात दोन वर्षं मी फळीवर पडून राहिलो. दर महिन्याला तिचे हात मला घासत, तिचे ओठ कधी लागत नसत. कडूबा मात्र दर मे महिन्यात साक्ष देत राहिले. तारीख सांगताना त्यांचा आवाज हळूहळू उंच होत गेला.

गेल्या वर्षी नवे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले, इंद्रजीत नावाचे. वय तिशीचं. त्यांनी रांगेतून मला फिरवायची पद्धत बंद केली. ते स्वतः एकेकासमोर येत आणि मला ओठांशी धरत. पहिल्याच रविवारी ते द्वारकाबाईसमोर आले. तिनं मान हलवली. ते पुढे गेले.

मंगळवारी दुपारी ते घरी आले. चहा झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, प्याला का नाही घेतलात?"

"मी गप बसले, म्हणून," ती म्हणाली. "गप बसलेल्या तोंडानं कसं घेऊ? बाकीचं ह्यांना इचारा."

कडूबा गुडघे चोळू लागले. मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "पण पाळकसाहेब, माझं तारण झालंय. माझं सगळं पाप धुतलंय. मंग हे उकरून काय उपयोग?"

इंद्रजीत म्हणाले, "काका, तारण झालं यात मला शंका नाही. पण तुम्ही ते शहाऐंशी सालात ठेवून आलात. त्या दिवशी तुम्हाला देवाची गरज होती, तशी चौऱ्याण्णवमध्येही होती. तशीच आजही आहे. आणि त्या खोट्यातून बन्सीकाकांची सुटका कधी व्हायची?"

कडूबा चिडले. उठून बाहेर गेले. तीन रविवार चर्चला आले नाहीत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मला द्वारकाबाईनंच चर्चला नेलं. मागोमाग तेही आले आणि साक्षीची वेळ नसताना उभे राहिले. या वेळी त्यांनी तारीख सांगितली नाही. "बन्सीची बोटं माझ्यामुळं गेली, आन आळ मी त्याच्यावर घातला," एवढंच म्हणाले. पंचाचं काम सोडत असल्याचं सांगून ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. त्या दिवशी इंद्रजीत मला घेऊन आले तेव्हा द्वारकाबाई प्यायली. तिनं मला दोन्ही हातांनी इतकं जवळ ओढलं की माझ्या काठावर दात वाजले.

कडूबांनी मात्र मान हलवली. "अजून नाय," ते म्हणाले.

त्या शनिवारी सकाळच्या गाडीनं ते दोघं आणि इंद्रजीत लासूर स्टेशनला गेले. आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन नेतात त्या पिशवीत मी होतो.

बन्सी धान्याच्या मोंढ्याजवळ सायकली दुरुस्त करतो. घर दुकानाच्या मागेच. दारात आम्हाला बघून तो उठला नाही.

"सलाम, बन्सी," कडूबा म्हणाले.

"कशाला आला?"

"सोनियाला बोलव. तिच्यासमोर बोलायचंय."

सोनिया म्हणजे ती तान्ही मुलगी. आता गावातल्या शाळेत शिक्षिका आहे. हात पुसत ती बाहेर आली. कडूबा तिला म्हणाले, "बाई, तुझ्या बापानं गार्ड काढलं नव्हतं. मी काढलं होतं. मी खोटं बोललो."

सोनिया वडिलांकडे बघत राहिली. "बाबा, तुम्ही तर म्हणायचे, माझीच चूक झाली."

"कुनी खरं धरत नव्हतं," बन्सी म्हणाला. "मंग मीच म्हणाया लागलो. सोपं पडतं."

ती दाराच्या चौकटीला टेकली आणि रडू लागली. बन्सी तिच्याकडे न बघता सायकलच्या साखळीला तेल घालत राहिला. मग म्हणाला, "माफ केलं आसं माझ्यानं म्हणवत नाय, कडूबा."

"म्हणू नको. मी ते मागाया आलो नाय."

"मंग पुढच्या शनिवारी ये. एकाच दिवसात ह्ये सरनारं नाय."

पुढच्या शनिवारी कडूबा पुन्हा लासूरला गेले. त्यानंतर दर शनिवारी जात राहिले, आणि घरी येऊन द्वारकाबाईला सांगत ते मी फळीवरून ऐकत असे. दुकानात बसत, ट्यूबला पंक्चर शोधत, जुन्या गोष्टी निघाल्या की ऐकून घेत. एकदा बन्सी खूप बोलला, वाईट बोलला. तरी पुढच्या शनिवारी कडूबा गाडीत होते.

चौथ्या महिन्यात बन्सीनंच निरोप दिला, "येताना पाळकसाहेबाला घेऊन या."

त्याच्या घरात चटई अंथरली होती. इंद्रजीतनी प्रार्थना केली आणि मला बन्सीकडे दिलं. त्याच्या उजव्या हाताची उरलेली तीन बोटं माझ्याभोवती आली. पकड घट्ट होती. त्यानं मला ओठांपर्यंत नेलं नाही. हात लांब करून त्यानं मला कडूबांसमोर धरलं.

"माझं राहू दे, मला अजून येळ लागंल," तो म्हणाला. "पर तू पी."

कडूबा प्यायले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यात पडलं, तेही त्यांनी पिऊन टाकलं.

आता मी त्याच पिशवीत आहे. येत्या शनिवारी पुन्हा लासूर स्टेशन. बन्सी पिईल की नाही, मला ठाऊक नाही. मी घाईत नाही. एका घोटासाठी थांबायची मला सवय आहे.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मी हातात आलो की लगेच पुढे देऊ नका, आणि लगेच पिऊही नका. कुणाचं काही तुमच्यामुळं अडलं आहे का, एवढं आठवून बघा. मी तोवर भरलेलाच राहीन.