फाळक्यावरचं नाव

निळा रंग खरवडत होतो, तर खालून भलतंच नाव निघालं.

आमच्या जीपच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या पत्र्याच्या झडपेवर, मी लहानपणापासून 'अंकुश – माधुरी' हीच नावं बघत आलोय. अंकुश मी, माधुरी माझी धाकटी बहीण. गाडीवर पोरांची नावं घालायची आमच्याकडे रीतच आहे. वरच्या हिरव्या रंगावर तीच नावं, त्याखालच्या निळ्यावरही तीच. निळ्याखाली गाडीचा मूळ खाकी रंग होता, आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत एकच नाव होतं. आनंदा.

पहिल्यांदा मला रागच आला. राग माझ्या नाकावर असतो, हे सगळी आळी सांगेल. म्हटलं, हा कोण उपटसुंभ आमच्या गाडीवर? आधीच्या मालकाचं पोर असेल म्हणावं, तर बाबांनी जीप चौसष्ट साली लष्कराच्या लिलावात घेतलेली. लष्करवाले फाळक्यावर पोरांची नावं घालत नाहीत. शिवाय त्या 'न'ची शेपटी वर वळवलेली होती. तशी शेपटी अख्ख्या पनवेलात एकच माणूस काढतो, माझा सख्खा मामा, चांगो रंगारी. मग मात्र माझ्या हातातली पत्ती थांबली.

माझे बाबा, काशिराम, अठ्ठावीस वर्षं ही विलीज जीप पनवेल–पेण रस्त्यावर पॅसेंजरसाठी चालवत होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. जाण्याआधी माझा हात धरून म्हणाले, "जीप इकू नको. तुज्या आयेस एकदा तरी बसव तिच्यात."

कारण आई त्या जीपमध्ये कधीच बसली नव्हती. कुठल्या जत्रेला नाही, माधुरीच्या लग्नाला नाही. विचारलं की म्हणायची, "मला गाडी लागते." आणि हीच बाई एसटीत खिडकीशी बसून अलिबागपर्यंत शेंगा खात जायची! मला वाटायचं, नवऱ्याशी कसलातरी जुना रुसवा असेल. नाहीतर नुसता हट्ट. आमच्या घरात हट्टाला तोटा नाही.

तर चौऱ्याण्णवच्या दसऱ्याला आईला जीपमध्ये बसवायचंच, असा मी पण केला. दिवसभर स्टँडजवळच्या गॅरेजात दुसऱ्यांच्या गाड्या, आणि सुटीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी. इंजिन खाली उतरवलं, बोअर करून आणलं, गिअरबॉक्स परातीत मांडून एकेक चाक घासलेटने धुतलं. कुजलेला तळपत्रा कापून नवा जोडला. लाकडी बाकाच्या जागी पुढे फियाटच्या दोन गाद्या बसवल्या, रुंद टायर घातले, पिवळे दिवे लावले. आई कण्हत वर चढायला नको म्हणून मागे एक पायरीही केली. खोटं कशाला बोलू, बायको शोधायला मी एवढा जीव लावला नव्हता.

आणि पहिलं काम काय केलं असेल, तर ती घंटा काढून फेकली.

बाबांच्या जीपला मागे देवळात असते तशी पितळी घंटा होती. तिची दोरी हुडावरून पुढे ड्रायव्हरपाशी आणलेली. गाडी मागे घ्यायची झाली की बाबा आधी दहा-बारा वेळा घंटा वाजवायचे, मग खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारायचे, मग रिव्हर्स टाकायचे. शाळेतली पोरं मला म्हणायची, "अंकुश, देवळाची गाडी आली रे, प्रसाद काय हाय?" मी मेल्याहून मेला व्हायचो. त्यात कुणी मदत म्हणून मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हटलं, की बाबा इंजिन बंद करून त्याच्या अंगावर धावायचे. म्हणून आयुष्यात कधी क्लीनर ठेवला नाही. मी नऊ वर्षांचा असताना एकदा हौसेनं फाळक्यावर थाप मारून "येऊ द्या" म्हणालो होतो. बाबांनी मला मारलेली ती एकुलती एक थोबाडीत.

घंटेच्या जागी मी नव्या तऱ्हेचा रिव्हर्स हॉर्न बसवला. रिव्हर्स टाकला की आपोआप गाणं वाजायचं. ते नाव निघण्याच्या चार दिवस आधी तो पहिल्यांदा वाजवला, तेव्हा आई पिठाच्या हातांनी धावत शेडपाशी आली.

"ये काय वाजतंय?"

"गाडी मागं येते हे मागच्याला कळाय पायजे ना," मी ऐटीत म्हणालो. "कुनी घंटा वाजवाय नको, कुनी येऊ दे बोलाय नको."

आईनं हॉर्न खालून-वरून निरखला. मग म्हणाली, "असला आदी का नव्हता निगाला?"

मी हसलो. म्हटलं, "आदी तुमच्या जीपला साधा हॉर्न तरी धड व्हता काय?" आई आत गेली. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

नाव निघालं त्याच दुपारी चांगोमामा ब्रश आणि डबे घेऊन नावं घालायला आला. मी त्याला फाळक्यासमोर उभा केला.

"ये कोन, मामा?"

मामाच्या हातातला पिवळा डबा कलंडला. सांडलेल्या रंगाकडे त्यानं पाहिलंही नाही. खाली बसला आणि ते नाव बोटानं पुसावं तसं चाचपत राहिला.

"तुजा भाव," तो म्हणाला. "थोरला."

घरातला थोरला मी! सव्वीस वर्षं मी थोरला म्हणून मिरवलो, बाबांना अग्नी थोरला म्हणून दिला.  मी ओरडलो, "थट्टा करतंस काय?"

"दोन वर्साचा व्हता," मामा म्हणाला. "सकालची येल. काशिराम जीप मागं घेत व्हता. पोर मागं आला. कलला तवर…" मामानं कलंडलेला डबा सरळ करून ठेवला. "मंग गाव सोरला. तू हितं जल्मलास."

आमचं मूळ गाव कर्नाळ्याच्या पलीकडे. ते का सोडलं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही शहाणा, कधी विचारलं नव्हतं. घंटा, गाडीभोवतीची फेरी, ती थोबाडीत, सगळं एका क्षणात माझ्या अंगावर कोसळलं.  ज्या हातांनी मला सायकल शिकवली, त्या हातांनी हे केलं? आणि त्याच जीपवर आम्हाला वाढवलं? मेलेल्या बापाला मी तोंडाला येईल ते बोललो. कसा चालवू शकला ही गाडी, कसला माणूस होता, सगळं बोललो.

"त्याला नको बोलू."

शेडच्या दारात आई उभी होती. किती वेळ उभी होती, कुणास ठाऊक.

"त्याचा काय दोस नाय," ती म्हणाली. "मागं मी उबी व्हतू. पोराला वट्यावर बसवला, आन् फालक्यावर थाप मारून येऊ दे, येऊ दे बोलत व्हतू. मी गाडीकरं बगत व्हतू. पोर वट्यावरशी कवा उतरला, मी नाय बगला. येऊ दे मीच बोलली, अंकुश."

 मामा तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता. हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"पोलीस आले, गाव जमला, माजी सासू छाती बरवत व्हती. त्यानं सगल्यांस एकच सांगितला, मागं कोनी नव्हता, माजी चूक. मला बोलला, तू त्वांड उगरायचा नाय. मंग घंटा लावली. जवर जगला तवर कुनास येऊ दे बोलून दिला नाय. मला कवा कवा वाटं, त्यानं एकदा तरी मला मारावा. नाय मारला."

आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. रडलो मी, गाडीच्या पायरीवर बसून, लहान पोरासारखा. ती पायरी मी तिच्यासाठी केली होती. जीप विकून टाकू, असं मी म्हणालो, तेव्हा ती चिडली.

"त्यानं नाय इकली, तू कोन इकनारा? मी रोज बगावी म्हनून त्यानं ठेवली नव्हती. पोराचा नाव हाय तिच्यावर, म्हनून ठेवली."

संध्याकाळी मी रिव्हर्स हॉर्नच्या वायरी तोडल्या. एवढ्या वर्षांनी आलेला तो, वरातीमागून घोडं नुसतं. मग घंटा शोधायला लागलो. जिथे फेकली होती तिथे नव्हती. भंगारवाल्यानं उचलली असणार, असं वाटून मी स्वतःला शिव्या देत होतो, तेवढ्यात आई आत गेली आणि तांदळाच्या पिंपातून घंटा काढून घेऊन आली. चिंचेनं घासून लख्ख केलेली होती.

दसऱ्याला मामानं फाळक्यावर नावं घातली. आनंदा, अंकुश, माधुरी. आईनं झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग तिनं नवं लुगडं सावरलं, मी केलेल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागच्या बाकावर तोंड मागे करून बसली. पुढे बस म्हटलं, तर ऐकेना.

"मला मागचा दिसाय पायजे," म्हणाली. घंटेची दोरी मी तिच्याच हातात दिली.

आमची शेड अशी की गाडी मागेच काढावी लागते. मी इंजिन चालू केलं. आई घंटा वाजवू लागली. दहा वेळा, वीस वेळा, थांबेचना. गल्लीतली पोरं केव्हाच भिंतीला लागून उभी राहिली होती, तरी ती वाजवतच होती. मग एकदम घंटा थांबली. फाळक्यावर हलकीशी थाप पडली.

"येऊ दे."

सत्तावीस वर्षांनी.  मी गिअर काढला, खाली उतरलो, गाडीभोवती पूर्ण फेरी मारली, वाकून चाकांखाली बघितलं. मग परत येऊन बसलो.

"बगलास?" आईनं विचारलं.

"बगला. कोनी नाय."

"मी पन बगला," ती म्हणाली. "आता येऊ दे."